सर्व्हिसेस उठण्याचा क्रम आणि सिस्टमडी: काही वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सर्व्हरवर एकच सर्व्हिस (पाठीमागे सतत चालणारा प्रोग्राम) चालत असते तोवर क्रमाचा प्रश्न पडत नाही. डेटाबेस आला, त्याच्यावर विसंबलेला बॅकएंड (अॅप्लिकेशनचा मुख्य प्रोग्राम) आला, बॅकएंडच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आला, जोडीला रेडिस हा मेमरीतला माहितीसाठा आणि रांगेतली कामे उपसणारा वर्कर आला, की रीबूटनंतर कोणी आधी उठायचे आणि कोणी कोणासाठी थांबायचे हे कोणाला तरी ठरवावे लागते. लिनक्सवर आज हे काम बहुतेक ठिकाणी सिस्टमडी, म्हणजे यंत्र सुरू होताना बाकीचे प्रोग्राम उठवणारी प्रणाली, करते. लॉग, टायमर, नेटवर्क, लॉगिन अशी इतर अनेक कामेही ती करते आणि त्यांपैकी काहींवरून मतभेद पुष्कळ आहेत. पण इथे मी तिच्या एकाच कामाविषयी, म्हणजे परस्परांवर अवलंबून असलेल्या सर्व्हिसेस क्रमाने उठवण्याविषयी लिहितो आहे. माझे मत आधीच सांगतो. दिलेला क्रम सिस्टमडी अत्यंत प्रामाणिकपणे पाळते, पण एखादी सर्व्हिस ‘सुरू झाली’ असे केव्हा म्हणायचे ही व्याख्या ती आपल्याकडून घेते, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच युनिट फाइलींमध्ये (सर्व्हिस कशी उठवायची हे सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइलींमध्ये) नेमकी तीच व्याख्या निष्काळजीपणे लिहिलेली असते.

पूर्वीची पद्धत ज्यांनी वापरली आहे त्यांना सिस्टमडीची किंमत लवकर कळते. सिसव्ही इनिट या जुन्या प्रणालीत प्रत्येक स्क्रिप्टच्या नावापुढे एस अक्षर आणि दोन आकडी क्रमांक असे, आणि स्क्रिप्टा त्या क्रमांकानुसार एकामागून एक चालत. वीस क्रमांकाची स्क्रिप्ट अडली की एकवीसपासून पुढचे सगळे ताटकळत, मग त्यांचा तिच्याशी काही संबंध असो वा नसो. कोण कोणावर अवलंबून आहे हे त्या आकड्यांतून कळत नसे. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असे. पुढे स्क्रिप्टच्या डोक्यावर अवलंबित्व लिहिण्याची सोय आली, आणि २००६ मध्ये उबुंटू या लिनक्स वितरणाने घटनांवर चालणारे अपस्टार्ट आणले. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये सिस्टमडी मांडली, २०११ मध्ये फेडोरा १५ ने ती मूळ प्रणाली म्हणून स्वीकारली, आणि २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ हेही त्याच वाटेने गेले. क्रमांक गेले आणि त्यांच्या जागी नाती आली. ज्यांच्यात नाते लिहिलेले नाही त्या सर्व्हिसेस एकाच वेळी उठतात, आणि ज्यांच्यात आहे त्याच थांबतात.

या नात्यांची रचना हा सिस्टमडीचा सर्वांत चांगला भाग आहे, आणि नवख्याला सर्वांत जास्त चकवणाराही तोच आहे. ‘रिक्वायर्स’ आणि ‘वॉन्ट्स’ ही नाती गरज सांगतात: मी उठणार असेन तर तिलाही उठवा. ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ ही नाती क्रम सांगतात: आम्ही दोघी उठणार असू तर आधी ती. ही दोन्ही एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र आहेत. बॅकएंडच्या फाइलमध्ये नुसते ‘रिक्वायर्स’ लिहिले आणि ‘आफ्टर’ राहिले, तर डेटाबेस आणि बॅकएंड एकाच क्षणी सुरू केले जातात आणि शर्यत कोण जिंकेल ते नशिबावर राहते. उलट नुसते ‘आफ्टर’ लिहिले आणि डेटाबेस कोणी उठवलाच नाही, तर त्या ओळीचा काहीही परिणाम होत नाही आणि बॅकएंड खुशाल एकटा उठतो. त्याहूनही नाजूक गोष्ट अशी की ‘आफ्टर’ यशाची वाट पाहत नाही. समोरच्या सर्व्हिसचा उठण्याचा प्रयत्न संपण्याची वाट पाहते, मग तो प्रयत्न फसलेला का असेना. डेटाबेस उठलाच नाही तर बॅकएंडनेही उठू नये असे हवे असेल, तर ‘रिक्वायर्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्ही ओळी लागतात. हे वेगळेपण मला सुरुवातीला अनावश्यक वाटले होते. आज मात्र मी त्याच्या बाजूने आहे, कारण ‘असली तर तिच्यानंतर, नसली तरी चालेल’ अशी नातीही खरोखर असतात. आमच्याकडे रेडिसचे आणि बॅकएंडचे नाते नेमके तसे आहे.

आता त्या व्याख्येकडे येतो. एका रात्री यंत्राचा वीजपुरवठा तुटला आणि काही मिनिटांनी परत आला. सकाळी पाहिले तर डेटाबेस ठणठणीत चालू होता, एन्जिनएक्स चालू होता आणि बॅकएंड रात्रभर मेलेला होता. युनिट फाइलमध्ये ‘रिक्वायर्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्ही ओळी व्यवस्थित होत्या. लॉग वाचताना घटनाक्रम असा दिसला: बूटनंतर चौदाव्या सेकंदाला पोस्टग्रेसची, म्हणजे आमच्या डेटाबेसची, प्रक्रिया सुरू झाली, आणि त्याच सेकंदाला सिस्टमडीने बॅकएंडही सुरू केला. पोस्टग्रेस अचानक बंद पडलेले असल्यामुळे ते स्वतःची दुरुस्ती करत होते आणि जोडणी मागणाऱ्या प्रत्येकाला ‘द डेटाबेस सिस्टम इज स्टार्टिंग अप’ एवढेच उत्तर देत होते. बॅकएंडने ते उत्तर घेतले आणि तो बंद पडला. सिस्टमडीने त्याला शंभर मिलिसेकंदांनी पुन्हा उठवले, तो पुन्हा पडला, आणि असे पाच वेळा झाल्यावर ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ अशी नोंद करून तिने प्रयत्न सोडून दिला. पोस्टग्रेस जोडण्या घ्यायला तयार झाले ते एकतिसाव्या सेकंदाला.

यात सिस्टमडीने काहीही चुकीचे केलेले नाही. पोस्टग्रेस आम्ही स्वतः सोर्सवरून (मूळ कोडवरून) बांधलेले होते आणि त्याची युनिट फाइलही आम्हीच लिहिलेली होती, जिच्यात ‘टाइप’ हा ‘सिंपल’ होता. ‘सिंपल’चा अर्थ असा की प्रक्रिया जन्माला घातली की सर्व्हिस सुरू झाली असे समजा. त्या अर्थाने डेटाबेस चौदाव्या सेकंदाला सुरू झालाच होता. प्रयत्न सोडून देण्याचे नियमही ठरलेले आहेत: काही वेगळे सांगितले नसेल तर दोन प्रयत्नांत शंभर मिलिसेकंदांचे अंतर, आणि दहा सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा उठवायचे नाही. माझ्या मते हे दोन आकडे एकत्र ठेवणे गैरसोयीचे आहे. चटकन पडणारी सर्व्हिस इतक्या कमी अंतराने पुन्हा उठवली की पाचही संधी काही सेकंदांत खर्ची पडतात, आणि डेटाबेससारख्या सावकाश उठणाऱ्या गोष्टीची वाट पाहण्याचा हेतूच राहत नाही. ‘रीस्टार्टसेक’, म्हणजे दोन प्रयत्नांतले अंतर, पाच सेकंद केले की दहा सेकंदांत पाच प्रयत्न होतच नाहीत, मर्यादा गाठली जात नाही, आणि सर्व्हिस धीराने प्रयत्न करत राहते. हा बदल एका ओळीचा आहे आणि मी तो आता प्रत्येक युनिटमध्ये करतो.

पण हा झाला दुय्यम उपाय. खरा उपाय ‘टाइप’ हा ‘नोटिफाय’ करणे हा आहे. त्यात सर्व्हिस स्वतः ‘रेडी’ असा निरोप पाठवेपर्यंत सिस्टमडी तिला सुरू झाली असे मानत नाही, आणि तोवर तिच्यामागे उभे असलेले सगळे थांबून राहतात. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.६ आवृत्तीपासून आहे, मात्र बांधताना सिस्टमडीचा पर्याय चालू ठेवलेला असावा लागतो. आमच्याकडे तो नव्हता, आणि हे लक्षात न घेता फक्त युनिट फाइल बदलल्यावर वेगळीच अडचण आली: पोस्टग्रेस उत्तम चालत होते, पण निरोप कधीच येत नव्हता, त्यामुळे नव्वद सेकंद वाट पाहून सिस्टमडी ते बंद करत होती. पुन्हा बांधल्यावर हे मिटले. नव्वद सेकंदांची ही मुदत स्वतंत्रपणे लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठा डेटाबेस अचानक बंद पडला तर त्याची दुरुस्ती नव्वद सेकंदांत संपेलच असे नाही, आणि ती अर्धवट असताना त्याला मारून पुन्हा उठवणे म्हणजे त्याला कधीच उठू न देणे होय. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजातल्या नमुना फाइलमध्ये ही मुदत अमर्याद ठेवलेली आहे, ती याच कारणासाठी.

निरोप पाठवण्याची पद्धत मला फार आवडली, कारण ती कमालीची साधी आहे. सिस्टमडी सर्व्हिसला एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सुरू होताना बाहेरून मिळणाऱ्या मूल्यात) सॉकेटचा, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या जोडणीचा, पत्ता देते. त्या पत्त्यावर एका ओळीचा मजकूर पाठवला की काम झाले. कोणतीही लायब्ररी लागत नाही. आमच्या बॅकएंडमध्ये ते सात-आठ ओळींत बसले. डेटाबेसच्या जोडण्या उघडल्या आणि पोर्ट ऐकायला लागला की त्यानंतरच निरोप जातो, त्यामुळे एन्जिनएक्सही खऱ्या अर्थाने तयार असलेल्या बॅकएंडच्या मागोमाग उठतो. ज्या सर्व्हिसच्या कोडला हात लावता येत नाही तिच्यासाठी ‘एक्झेकस्टार्टपोस्ट’मध्ये तयारी तपासणारी छोटी आज्ञा ठेवता येते; पोस्टग्रेससोबत येणारी ‘पीजी-इझरेडी’ नेमकी यासाठीच आहे. ती आज्ञा संपेपर्यंत सर्व्हिस ‘सुरू होत आहे’ याच अवस्थेत राहते आणि मागच्या सर्व्हिसेस थांबतात. यांऐवजी कित्येक जण सुरुवातीला तीस सेकंदांची झोप घालून मोकळे होतात. ते मी कळकळीने टाळायला सांगेन. चांगल्या दिवशी ती झोप तीस सेकंद वाया घालवते आणि वाईट दिवशी, जेव्हा दुरुस्तीला चाळीस सेकंद लागतात, तेव्हा ती पुरत नाही.

क्रमाचा प्रश्न सर्व्हिसेसपुरता नसतो, डिस्कचाही असतो, आणि याच ठिकाणी मला सिस्टमडीचे सर्वांत जास्त कौतुक वाटले. आमच्याकडे वापरकर्त्यांच्या फाइली साठवणारी एक सर्व्हिस होती आणि तिचे फोल्डर वेगळ्या डिस्कवर होते. ती डिस्क माउंट न झाल्यास (फोल्डरच्या जागी जोडली न गेल्यास) बूट अडू नये म्हणून एफएसटॅब या डिस्कांच्या यादीत तिच्यापुढे ‘नोफेल’ लिहिलेले होते. ‘नोफेल’ लिहिले की ती डिस्क येण्याची वाट स्थानिक फाइल-प्रणालीचे टार्गेट (बूटमधला ठरलेला टप्पा) पाहत नाही, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात नव्हती. एका रीबूटला डिस्क काही सेकंद उशिरा आली. तोवर सर्व्हिस उठली होती, तिला रिकामे फोल्डर दिसले, तिने आवश्यक ती उपफोल्डरे तयार केली आणि आलेल्या अकरा फाइली मूळ डिस्कवर लिहून टाकल्या. मग खरी डिस्क त्याच जागी माउंट झाली आणि त्या अकरा फाइली तिच्याखाली झाकल्या गेल्या. फाइल आल्याची नोंद आहे, फाइल मात्र कुठेच नाही, असे ते कोडे दोन दिवस सुटत नव्हते. डिस्क अनमाउंट करून पाहिली तेव्हा त्या सगळ्या खाली तशाच पडलेल्या होत्या. यावरचा उपाय ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ ही एक ओळ आहे. तिच्यापुढे फोल्डरचा मार्ग लिहिला की त्या मार्गासाठी लागणारे सगळे माउंट सिस्टमडी स्वतः शोधते, त्यांच्याशी गरजेचे आणि क्रमाचे अशी दोन्ही नाती जोडते, आणि ते आल्याशिवाय सर्व्हिस उठवत नाही. यंत्राचे बाकीचे बूट ‘नोफेल’मुळे सुरळीत चालते आणि ही एकच सर्व्हिस थांबते. इतकी नेमकी सोय जुन्या क्रमांकांच्या पद्धतीत करता आली नसती.

नेटवर्कच्या बाबतीत मात्र नावांनी घोळ घातला आहे. ‘नेटवर्क.टार्गेट’ हे नाव वाचून कोणालाही वाटेल की त्याच्यानंतर उठणाऱ्या सर्व्हिसला नेटवर्क मिळालेले असेल. तसे नसते. नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली एवढाच त्याचा अर्थ आहे. आयपी पत्ता मिळाला असेलच असे नाही. ज्या सर्व्हिसला उठतानाच पत्ता लागतो तिच्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ आहे, आणि त्याच्याशी ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ असे दोन्ही संबंध जोडावे लागतात. एन्जिनएक्सला याचा थेट फटका बसतो: अपस्ट्रीमचे (मागच्या सर्व्हरचे) नाव कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेले असेल आणि उठताना त्या नावाचा पत्ता सापडला नाही, तर तो उठायलाच नकार देतो. दुसऱ्या बाजूने, वाट पाहणारी सर्व्हिस कधीकधी नको तितकी वाट पाहते. आमच्या यंत्रात केबल न लावलेले दुसरे नेटवर्क कार्ड होते, आणि सिस्टमडीची नेटवर्क सांभाळणारी नेटवर्कडी तेही जोडले जाण्यासाठी पूर्ण १२० सेकंद थांबत असे. ते कार्ड ऑनलाइन असण्यासाठी आवश्यक नाही असे त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये सांगितल्यावर बूट दोन मिनिटांनी लवकर आटोपले.

तपासणीची साधने उत्तम आहेत. ‘सिस्टमडी-अॅनलाइझ क्रिटिकल-चेन’ ही आज्ञा एखाद्या सर्व्हिसपर्यंत पोहोचणारी साखळी झाडासारखी दाखवते आणि कोणती कडी कितव्या सेकंदाला पूर्ण झाली व तिने किती वेळ घेतला हे शेजारी लिहिते. नेटवर्क कार्डाचा तो प्रकार मला तिच्यामुळेच सापडला. सर्व्हिसेसची यादी त्यांनी घेतलेल्या वेळेनुसार लावणारी ‘ब्लेम’ ही आज्ञा लोक जास्त वापरतात, पण तिच्यावरून निष्कर्ष काढताना जपावे, कारण जास्त वेळ घेणारी सर्व्हिस इतरांना अडवत असेलच असे नाही. क्रम कागदावर तपासण्यासाठी ‘व्हेरिफाय’ आहे, आणि मी ती प्रत्येक बदलानंतर चालवतो.

ती चालवण्याचे कारण म्हणजे चक्रे. अ ही ब नंतर, ब ही क नंतर आणि क ही अ नंतर, असे कोणी नकळत लिहिले, तर सिस्टमडी बूट अडवत नाही. त्या चक्रातल्या एखाद्या सर्व्हिसचे काम रद्द करून ती चक्र तोडते, लॉगमध्ये ‘फाउंड ऑर्डरिंग सायकल’ अशी नोंद करते आणि पुढे जाते. यंत्र उठलेच पाहिजे हा विचार मला पटतो. पण जी सर्व्हिस वगळली गेली ती ‘फेल्ड’ म्हणून दिसत नाही, फक्त बंद दिसते. त्यामुळे अपयशी सर्व्हिसेसची यादी रोज पाहणाऱ्या माणसालाही ती सापडत नाही. या प्रणालीविरुद्ध माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

बंद होतानाचा क्रम वेगळा लिहावा लागत नाही, तो उठण्याच्या बरोबर उलट असतो. डेटाबेसनंतर उठलेला बॅकएंड डेटाबेसच्या आधी बंद होतो, हातातली कामे पूर्ण करतो आणि जोडण्या नीट सोडतो. हे आपोआप मिळते म्हणून त्याचे महत्त्व जाणवत नाही, पण केवळ यासाठीही ‘आफ्टर’ लिहिणे योग्य ठरते. एक खाचखळगा मात्र आहे. ‘रिक्वायर्स’ असताना डेटाबेस ‘रीस्टार्ट’ केला तर बॅकएंडही रीस्टार्ट होतो. पण डेटाबेस आधी ‘स्टॉप’ आणि मग दहा मिनिटांनी ‘स्टार्ट’ केला तर बॅकएंड सोबत बंद होतो आणि परत उठत नाही, कारण त्याला उठवायला कोणी सांगितलेले नसते. देखभालीच्या वेळी हे हमखास विसरले जाते. २०२१ च्या २४९ आवृत्तीत आलेले ‘अपहोल्ड्स’ हे नाते यासाठी वापरता येते. डेटाबेसच्या बाजूने ते लिहिले की डेटाबेस चालू असेपर्यंत बॅकएंडही चालू राहील अशी काळजी सिस्टमडी घेते.

सॉकेट अॅक्टिव्हेशनबद्दल थोडक्यात लिहितो. यात सर्व्हिसचे सॉकेट सिस्टमडी आधीच उघडून ठेवते, कोणी जोडणी मागितली तर ती कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) रांगेत थांबते, आणि मागची सर्व्हिस उठली की रांग तिच्या हाती जाते. क्रमच लिहावा लागत नाही, इतकी ही कल्पना सुंदर आहे. पण सर्व्हिसच्या कोडला आयते मिळालेले सॉकेट स्वीकारता यावे लागते, आणि आमच्या पाचपैकी एकाच सर्व्हिसला ते येत होते.

पर्यायांपैकी सुपरव्हायझरडी हे सर्व्हिसेस चालू ठेवणारे साधन मी आधी वापरले होते. त्यात क्रम म्हणजे पुन्हा प्राधान्याचे आकडे आहेत, आणि तयारीचा निरोप ही कल्पनाच नाही. अनेक कंटेनर (स्वतंत्र पेटीत बंद केलेले प्रोग्राम) एकत्र चालवणाऱ्या डॉकर कम्पोजमध्ये ‘डिपेंड्स-ऑन’ला ‘सर्व्हिस-हेल्दी’ ही अट जोडली की पुढचा कंटेनर मागच्याची तपासणी यशस्वी होईपर्यंत थांबतो, आणि ही सोय खरोखर चांगली आहे. पण तो क्रम कम्पोजला माहीत असतो, डॉकरच्या डिमनला (पाठीमागे चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला) नाही. यंत्र रीबूट झाल्यावर कंटेनर रीस्टार्ट पॉलिसीनुसार डिमन उठवतो आणि तेव्हा तो क्रम लागू होत नाही. कम्पोजच्या भरवशावर सर्व्हर चालवणाऱ्याने ती आज्ञा एका सिस्टमडी युनिटमध्ये ठेवून बूटच्या वेळी तिच्याकडूनच कंटेनर उठवणे मला जास्त सुरक्षित वाटते.

सिस्टमडीची मर्यादा यंत्राच्या सीमेपाशी येते. गेल्या वर्षी आम्ही डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर हलवला, आणि त्या दिवशी बॅकएंडच्या फाइलमधल्या ‘रिक्वायर्स’ आणि ‘आफ्टर’ या ओळींना काही अर्थ उरला नाही, कारण पलीकडच्या यंत्रावर काय चालले आहे हे इथल्या सिस्टमडीला कळत नाही. त्या दोन्ही ओळी काढून टाकल्या, ‘नेटवर्क-ऑनलाइन’ जोडले, आणि बॅकएंडच्या कोडमध्ये डेटाबेसची जोडणी मिळेपर्यंत दर वेळी थोडे अंतर वाढवत प्रयत्न करत राहण्याची व्यवस्था केली. उठण्याची मुदतही दहा मिनिटांपर्यंत वाढवली. ‘रेडी’चा निरोप मात्र जोडणी मिळाल्यावरच जातो, आणि एन्जिनएक्स व वर्कर अजूनही त्याच निरोपासाठी थांबतात. रेडिस आणि फाइलींची डिस्क याच यंत्रावर असल्यामुळे त्यांच्या ओळी जशाच्या तशा आहेत.